कोळ्याचा आकडा एकटा पाठवू नका

‘आर्जिओपी अनसुजा, लांबी ९ मिमी.’ एका कोळ्याबद्दल वहीत एवढीच ओळ असली, की प्रश्नांची रांग लागते. नर की मादी? पूर्ण वाढलेली, की अजून कात टाकायची बाकी? मोजली जिवंतपणी, अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर, की फोटोवरून? लांबी नेमकी कुठून कुठपर्यंत? आर्जिओपीच्या नराची लांबी मादीच्या निम्मीही नसते. तो ९ आकडा छोट्या प्रौढ मादीचा असू शकतो, मोठ्या अप्रौढ मादीचा असू शकतो, किंवा जबड्यांसकट मोजल्यामुळे फुगलेलाही असू शकतो. मेहनत करून मोजमाप झालं, पण वही बंद झाल्यावर त्याचा अर्थ मोजणाऱ्याच्याच डोक्यात राहिला.

कोळ्यांच्या गुणधर्मांचा सामायिक माहितीसाठा उभा करायचा, तर खरं काम इथंच आहे. शरीराचं आकारमान, पायांची लांबी, जाळ्याचा प्रकार, भक्ष्य, प्रौढ कोणत्या महिन्यांत दिसतात, दिवसा शिकार की रात्री, अशा मोजता किंवा नोंदवता येणाऱ्या गोष्टींना आपण गुणधर्म म्हणतो. जगभरच्या कोळ्यांसाठी असा एक खुला साठा आहे, ‘वर्ल्ड स्पायडर ट्रेट’ नावाचा. चेक प्रजासत्ताकात ब्रनोच्या मासारिक विद्यापीठातून तो चालतो आणि त्याची मांडणी सांगणारा शोधनिबंध २०२१ साली आला. प्रजातींची नावं तिथं मनानं लिहीत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये बर्नहून चालणाऱ्या ‘वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग’ला ती जोडलेली असतात. या कॅटलॉगमधल्या प्रजातींची संख्या २०२२ साली ५० हजारांच्या पुढं गेली.

त्या ५० हजारांत युरोपातल्या कोळ्यांबद्दल भरपूर माहिती आहे आणि आपल्याकडच्या कित्येक प्रजातींची नावापलीकडं फारशी नाही. २०२१ साली ठाण्यातून आयसियस तुकारामी या उडी मारणाऱ्या कोळ्याचं वर्णन झालं. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिलं. नव्या प्रजातीच्या पहिल्या वर्णनात सहसा मोजक्याच नमुन्यांची मापं असतात. तो खातो काय, अंडी कधी घालतो, कुठल्या झाडावर राहतो, हे नंतर कुणीतरी तिथंच राहून टिपावं लागतं. येऊर, पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या, ऐरोलीची खाडी यांच्या आसपास राहणाऱ्यांना ते जमण्यासारखं आहे, कारण वर्षभर पुन्हा पुन्हा त्याच झाडाकडं जाता येतं.

प्रजातींच्या याद्या आपल्याकडं बऱ्याच होतात. येऊरची यादी, सोसायटीच्या बागेची यादी. यादीवरून कोण आहे ते कळतं. रात्रभर दिवे असलेल्या खाडीकाठच्या रस्त्यावर कोण टिकलं आणि का टिकलं, हे विचारायचं असेल तर गुणधर्म लागतात.

आता मांडणी. एक निरीक्षण, एक ओळ. पाच माद्यांची लांबी मोजली तर पाच ओळी. सरासरी काढून एक ओळ करू नये. सरासरी कुणालाही कधीही काढता येते, पण सरासरीतून मूळ पाच आकडे परत मिळत नाहीत. एकाच मादीची लांबी, कवचाची रुंदी आणि पहिल्या पायाची लांबी मोजली, तर त्याही तीन वेगळ्या ओळी, फक्त तिन्हींत नमुन्याचा क्रमांक तोच. सुरुवातीला हे फार पसरट वाटतं. पण पुढच्या वर्षी कुणाला जाळ्याची उंचीही घालायची असेल, तर तक्त्याला नवा रकाना जोडावा लागत नाही, ओळी तेवढ्या वाढतात.

प्रत्येक ओळीत कमीत कमी एवढं हवं: ओळीचा आणि नमुन्याचा क्रमांक, ओळखताना लिहिलेलं शास्त्रीय नाव, जसंच्या तसं, ओळख कुणी पटवली आणि कशावरून, लिंग, वाढीची अवस्था, कोणता गुणधर्म, किंमत, एकक, हा आकडा एका जिवाचा आहे की सरासरी, किमान, कमाल, किती जिवांवरून, मोजण्याची पद्धत, ठिकाण, अक्षांश-रेखांश आणि त्यात किती मीटरची चूक संभवते, अधिवास, तारीख, आणि माहिती स्वतःची की छापील लेखातली. यातली पद्धत आणि अवस्था हे दोन रकाने सर्वांत जास्त वेळा रिकामे राहतात, आणि आकड्याचा अर्थ याच दोहोंवर सर्वांत जास्त अवलंबून असतो.

अवस्था ओळखायची कशी? मादीच्या उदराच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात, एपिजिन नावाची कडक, गडद रचना दिसली तर ती प्रौढ. नराच्या तोंडाजवळच्या पाल्पांची टोकं फुगीर असतात. ती नुसतीच गुळगुळीत फुगलेली असतील, तर एक कात अजून बाकी आहे. त्यांत गुंतागुंतीचे काळपट, कडक भाग दिसले तर तो प्रौढ. बहुतेक कुळांत प्रजातीची खात्रीची ओळख या अवयवांवरूनच पटते. म्हणून अप्रौढ कोळ्याच्या फोटोवर प्रजातीचं पूर्ण नाव ठोकून देण्यापेक्षा प्रजातीऐवजी वंशाचंच नाव लिहावं. ती ओळ वाया जात नाही. चुकीचं नाव लागलेली ओळ मात्र इतरांच्या बरोबर ओळींत मिसळते आणि मग तिला शोधून काढणं महाकठीण.

मोजमापाकडं येऊ. शरीराची लांबी म्हणजे शिरोवक्षाच्या (डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाच्या) कवचाच्या पुढच्या कडेपासून उदराच्या मागच्या टोकापर्यंत. पुढचे जबडे धरायचे नाहीत, मागच्या रेशमाच्या नळ्या धरायच्या नाहीत. हा नियम ऐकायला क्षुल्लक वाटतो. मग आंब्याच्या किंवा शिरीषाच्या खोडाला चिकटून बसलेला हर्सिलिया पाहावा. चपटा, सालीच्याच रंगाचा, आणि मागं दोन लांब शेपट्यांसारख्या नळ्या. त्या जवळजवळ उदराइतक्या लांब असतात. त्या मोजल्या तर आकडा कुठल्या कुठं जातो. दुसऱ्या टोकाचं उदाहरण मुंगीसारख्या दिसणाऱ्या मिर्माप्लाटा प्लाटालिओइडेसचं. लाल विणकर मुंग्यांच्या आसपास पानांवर तो फिरतो. त्याच्या नराचे जबडे इतके लांब पुढं आलेले असतात, की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असंच वाटतं. जबड्यांसकट मोजलेला नर मादीपेक्षा बराच मोठा भरतो, आणि मग ‘या प्रजातीत नर मोठे’ असा भलताच निष्कर्ष निघू शकतो.

नियम पाळूनही शरीराची लांबी जरा बेभरवशाची असते. उदर मऊ असतं. पोट भरलेलं असलं, अंडी असली की ते फुगतं. उपाशी असलं, अंडी घातली की चिपाडासारखं होतं. अल्कोहोलमध्येही ते आक्रसू शकतं. याउलट शिरोवक्षाचं कवच कडक असतं, दोन कातींमध्ये बदलत नाही. त्यामुळं एकच माप घ्यायला वेळ असेल, तर कवचाची रुंदी घ्यावी: वरून पाहताना, सर्वांत रुंद जागी, कोळी पूर्ण आडवा ठेवून. जरा कलला तरी रुंदी कमी भरते. बारीक वाळूच्या थरावर अल्कोहोल ओतून त्यात नमुना रोवला, की हवा तसा स्थिर राहतो.

स्टिरिओ मायक्रोस्कोपच्या आयपीसमधली पट्टी मिलिमीटर दाखवत नाही, नुसते भाग दाखवते. झूमच्या प्रत्येक पायरीला ती स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे मिलिमीटरचे बारीक भाग कोरलेल्या काचपट्टीवर, जुळवून घ्यावी लागते. समजा तिचे ४० भाग २ मिमीवर बसले, तर एक भाग ०.०५ मिमी. झूमची चकती जराशी फिरली की हा हिशोब मोडतो. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांतल्या जुन्या मायक्रोस्कोपची चकती सैल असते, म्हणून मोजणी सुरू करताना आणि संपवताना अशी दोनदा जुळणी करून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. जुळले नाहीत तर मधली सगळी मापं पुन्हा घ्यायची. पहिले दहा नमुने दुसऱ्या माणसानं आधीचे आकडे न बघता मोजावेत. दोघांत सतत एकाच दिशेनं फरक पडत असेल, तर कुणीतरी सुरुवातीची कड वेगळी धरतं आहे.

पायाचं माप घेताना पाय पुन्हा उगवलेला आहे का ते बघावं. तुटलेला पाय काहींत पुढच्या कातीला परत येतो, पण तो बारीक आणि आखूड असतो. जोडीतला एक पाय फिकट आणि किरकोळ दिसला, तर दुसरा मोजावा आणि कोणत्या बाजूचा तेही लिहावं.

फोटोवरून मापं घेता येतात, पण मोजपट्टी कोळ्याच्या पातळीतच हवी. जाळ्यात लटकलेल्या कोळ्यामागं तीन-चार सेंटिमीटरवर पट्टी धरली, तर पट्टी कॅमेऱ्यापासून लांब असल्यानं फोटोत लहान येते आणि कोळी आहे त्यापेक्षा मोठा ठरतो. मोबाईलनं अगदी जवळून काढलेल्या फोटोत ही चूक सर्वांत जास्त. अशा ओळीत पद्धतीच्या रकान्यात ‘फोटो’ असं स्पष्ट लिहावं, म्हणजे वापरणाऱ्याला ती गाळायची मुभा राहते. जिन्याच्या कोपऱ्यात उलटा लटकणाऱ्या, लांब काटकुळ्या पायांच्या क्रॉसोप्रिझा लायोनीच्या नोंदींत आणखी एक गोंधळ हमखास असतो: पाय पसरून मोजलेली लांबी शरीराची लांबी म्हणून येते. पायांचा पसारा हवा तर घ्यावा, पण तो वेगळा गुणधर्म.

जाळ्यांचं काम जास्त सुंदर आहे आणि जास्त घाईचंही. गोल जाळ्याचा उभा आणि आडवा व्यास मोजायचा, मध्यातून कडेकडं जाणारे धागे म्हणजे आरे मोजायचे, गोल फिरत जाणारे चिकट वेढे वर, खाली, डावीकडं, उजवीकडं असे चार दिशांना वेगवेगळे मोजायचे आणि मध्याची जमिनीपासूनची उंची घ्यायची. मागं काळा पुठ्ठा धरला आणि सकाळी तिरपं ऊन मिळालं तर बहुतेक जाळी तशीच दिसतात. नाहीच दिसली तर स्वच्छ कोरड्या रंगाच्या ब्रशवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर घेऊन लांबून झटकायचं. भुरभुरलेलं जाळं कोळ्याच्या कामाचं राहत नाही, म्हणून आधी बाकीच्या सगळ्या नोंदी, मग पीठ, आणि एका जाळ्यावर एकदाच. पावसाळ्यात पिठाचा लगदा होतो; तेव्हा पुठ्ठ्यावरच भागवावं.

उभा व्यास २४ सेमी आणि आडवा २० सेमी असला, तर दोन्हींचा गुणाकार ०.७८५ ने गुणून क्षेत्रफळ साधारण ३७७ चौरस सेंटिमीटर येतं. साठ्यात मात्र दोन्ही व्यास द्यावेत, क्षेत्रफळाचं सूत्र प्रत्येक जण वेगळं वापरतो. वेळही लिहावी. निओस्कोनाच्या बऱ्याच प्रजाती संध्याकाळी जाळं विणतात आणि पहाटे आवरून घेतात. सकाळी दहाला ‘जाळं नाही’ असं लिहिलं तर ती नोंद कोळ्याबद्दल काहीच सांगत नाही, जाण्याच्या वेळेबद्दल सांगते. सिर्टोफोराच्या तंबूसारख्या जाळ्यात चिकट वेढे नसतातच आणि ते कित्येक दिवस तसंच राहतं. तिथं चिकट वेढ्यांच्या किमतीत खरोखर ० लिहायचं.

शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक आर्जिओपीच्या जाळ्यावर छान दिसतो. आर्जिओपी अनसुजा जाळ्याच्या मध्यातून फुलीच्या आकारात पांढऱ्या नागमोडी पट्ट्या विणते. कधी चारही हात असतात, कधी दोन, कधी एकही नाही. एकही नसेल तर ०. पाहिलंच नसेल, उजेड नव्हता, वारा होता, तर जागा रिकामी. रिकाम्या जागा कुणीतरी नंतर ‘नीट करायच्या’ म्हणून शून्यानं भरून टाकतं, आणि मग निम्मी आर्जिओपी पट्ट्याच विणत नाही असं गणितातून निघतं.

जमिनीवरच्या कोळ्यांसाठी मातीत पुरलेले कप वापरतात. तोंड ७ ते ९ सेमी, कड जमिनीशी अगदी सपाट. कड मिलिमीटरभर वर राहिली तरी लहान कोळी वळसा घालून जातात. आत एक तृतीयांश प्रॉपिलीन ग्लायकॉल, थेंबभर साबण. इथिलीन ग्लायकॉल स्वस्त मिळतं, पण गोड आणि विषारी असल्यानं भटकी कुत्री-मांजरं ते पिऊन मरू शकतात. वस्तीजवळ ते वापरूच नये. जूनपासून वर छप्पर हवंच, नाहीतर एका सरीत कप भरून वाहतो. कपातली संख्या ही कोळ्यांच्या हालचालीचीही संख्या असते हे विसरून चालत नाही: जोडीदार शोधत फिरणारे नर त्यात जास्त पडतात.

कोणत्या महिन्यात प्रौढ दिसतात ही नोंद सोपी वाटते. तिच्यासोबत किती वेळ शोधलं ते लागतं. जुलैत येऊरला कमी जण जातात, फोटो कमी निघतात, आणि साठ्यात जुलैत कोळी कमी दिसतात. ‘एक माणूस, एक तास, हेडलॅम्प, काही आढळलं नाही’ ही ओळ म्हणून फार मोलाची आहे. भक्ष्याचंही तसंच. मोठं फुलपाखरू पकडलेल्या जाळ्याचा फोटो सगळे काढतात, चिलटं अडकलेल्या जाळ्याचा कुणी काढत नाही. दिसलं त्या प्रत्येक जाळ्यातलं सगळं भक्ष्य टिपलं आहे, की निवडक फोटोंवरून लिहिलं आहे, ते सांगावं. डबीत ठेवून दिलेलं भक्ष्य कोळ्यानं खाल्लं, तर ती ‘स्वीकारलं’ अशी वेगळी नोंद.

तक्ता भरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. कोळ्यांची मापं आणि बाकीचे आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत. मराठी अंकांतलं ‘९’ आपल्याला दिसतं, पण आकडेमोड करणारं ‘आर’सारखं सॉफ्टवेअर त्याला अक्षर समजतं. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. नाहीतर ५ जुलै आणि ७ मे यांची अदलाबदल होते. ‘३-४’ असं काही लिहिलं की स्प्रेडशीट त्याची परस्पर तारीख करून टाकते, म्हणून किमान आणि कमाल वेगळ्या ओळींत द्यावेत. एकक किमतीला चिकटवू नये, स्वतंत्र रकान्यात टाकावं. शेवटी फाईल सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या साध्या मजकुरात), यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवावी.

अक्षांश-रेखांश दशांशात. ठाणे शहर साधारण १९.२ उत्तर, ७२.९७ पूर्व. दोन्ही आकडे उलटे पडले तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो, म्हणून पाठवण्याआधी सगळे बिंदू एकदा नकाशावर टाकून बघायचे. दोन मिनिटांचं काम. दशांशानंतरचे चार अंक म्हणजे साधारण ११ मीटरची नेमकी जागा, दोन अंक म्हणजे साधारण एक किलोमीटर. दाट झाडीत मोबाईल तेवढा नेमका नसतो, तो दाखवतो ती चूकही सोबत लिहावी.

काही जागा मात्र मुद्दाम धूसर ठेवाव्या लागतात. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या पोएसिलोथेरिया वंशातल्या मोठ्या केसाळ कोळ्यांचा पाळीव प्राणी म्हणून व्यापार होतो. २०१९ साली हा सगळा वंश साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घेतला. अशा कोळ्याचं झाड नकाशावर दाखवणं म्हणजे पकडणाऱ्याला पत्ता देणं. दशांशानंतर एकच अंक द्यावा आणि जागा मुद्दाम ढोबळ दिली आहे असं नोंदवावं.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली ते रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. तिथं कोळी पकडायला, कप पुरायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. तिचा क्रमांकही नोंदीत असावा. सोसायटीच्या कुंपणावर आणि घरातल्या भिंतीवर मोजण्यासारखं इतकं आहे, की परवानगीची वाट बघत कुणाला थांबायला नको.

नावांबद्दल एक गोष्ट ठाण्यात जरा जास्तच लागू आहे. खाडीकाठच्या मराठी नोंदींत ‘कोळी’ आणि ‘जाळं’ शोधलं तर कोळीवाड्यातली माणसं आणि त्यांची मासेमारीची जाळी हाती लागतात. मराठी नाव जरूर लिहावं, त्याला स्वतंत्र रकाना द्यावा. शोध आणि जोडणी मात्र रोमन लिपीतल्या शास्त्रीय नावावरच चालते.

आणि ते शास्त्रीय नावही बदलतं. मिर्माप्लाटा प्लाटालिओइडेस आधी मिर्माराक्ने वंशात होता. जुन्या लेखातून माहिती उतरवताना लेखात छापलेलं नाव तसंच ठेवायचं आणि आजचं नाव शेजारच्या रकान्यात कॅटलॉगवरून घ्यायचं. ओळखच चुकली होती असं नंतर कळलं, तरी जुनी ओळ पुसायची नाही. तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण करायची, नव्या ओळीत जुन्या ओळीचा क्रमांक द्यायचा, आणि कुणी, कधी, एपिजिन पाहून की फोटो पाहून बदल केला ते लिहायचं. त्यासाठी मोजलेला नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये, आत पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठीसह जपलेला हवा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सहा महिन्यांनी बाटलीत कोरा कागद उरतो.